पंचवीस वर्षं विनापॉलिश

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, अंगठी घरी साफ करायची कल्पना माझी होती. टूथपेस्ट निशिगंधाताईंची, रिठे दादासोंचे, तांब्या आमच्या आईचा आणि गटार सोसायटीचं, पण कल्पना माझी. पुढं चौकशी सुरू झाली तेव्हा हे सगळे पाच मिनिटांत साक्षीदार झाले आणि आरोपीच्या जागी मी एकटा उरलो.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात, ऑफिसात आणि राजारामपुरीच्या निम्म्या गल्ल्यांत समजतात. हे साफ खोटं आहे. मी, कृष्णात चौगुले, सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात अठ्ठावीस वर्षं काढलीत. ‘गोपनीय’ असा शिक्का मारलेली शेकडो पाकिटं माझ्या हातून गेली. त्यांतल्या एकातही काय होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाकिटं चिकटवलेली असतात, हा भाग वेगळा.

तर अंगठी. आमच्या लग्नाला येत्या रविवारी पंचवीस वर्षं होणार होती. घरच्या घरी जेवण, चाळीसेक माणसं, पुण्याहून आमची लेक तेजस्वी येणार आणि शिरोळहून माझे मेव्हणे विजयसिंहराव सहकुटुंब येणार. आणि बरोबर त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बायकोच्या, म्हणजे अनुजाच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी काळवंडलीय.

ही अंगठी आमच्या बाबांनी केलेली. पंचवीस वर्षं ती अनुजाच्या बोटात आहे आणि पंचवीस वर्षांत एकदाही सोनाराकडे पॉलिशला गेलेली नाही. हे माझं तत्त्व आहे. पॉलिश केलं की सोनं झिजतं आणि झिजलेलं सोनं कुठं जातं ते मला सांगायला लावू नका. लग्नकार्यात कोणी दागिन्यांचा विषय काढला की मी अनुजाचा हात पुढं करून दाखवायचो. “बघा, पंचवीस वर्षं विनापॉलिश. आहे का कुठं डाग?” आणि खरंच नसायचा. सोनं अस्सल असलं की असं होतं, असं मी सांगायचो. अनुजा नुसती हसायची. पॉलिशच्या बाबतीत आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत. किंबहुना संसारात एकमत म्हणावं असं तेवढंच.

विजयसिंहरावांचा इथं संबंध असा, की साखरपुड्याच्या दिवशी भरल्या मांडवात त्यांनी ती अंगठी तळहातावर घेतली, दोनदा वर-खाली केली आणि म्हणाले, “हलकी वाटतीया.” तेवढंच. पण बाबांनी मान खाली घातलेली मी पाहिली. बाबा हायस्कूलचे मास्तर, आयुष्यभर सायकलवर गेले-आले. त्यांची मान खाली गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून विजयसिंहराव घरी आले की मी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं अंगठीचा विषय काढतो. आणि रविवारी ते येणार, अन् अंगठी काळी.

बुधवारी मी अनुजाला म्हटलं, “काढ ती, मी साफ करून देतो.”

“हात लावू नका,” ती म्हणाली. “शनिवारी मी देवळात जाणार आहे, तेव्हा बघते.”

“देवळात काय बघणार?”

“बघते म्हटलं ना.”

आता, नवऱ्यानं आपणहून एखादं काम अंगावर घेतलं आणि बायकोनं ते नको म्हटलं, की त्या कामाचं महत्त्व वाढतं. गुरुवारी सकाळी भाकऱ्या थापताना तिनं नेहमीप्रमाणे अंगठी काढून खिडकीतल्या वाटीत ठेवली. ती शिकवते त्या शाळेत तपासणी होती, त्या गडबडीत घालायची विसरून ती निघून गेली. मी ऑफिसात फोन करून अर्धी रजा टाकली. कारण ‘घरगुती’ असं सांगितलं. लगेच पुढं अंगठी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आणि साफसफाई हेही सांगितलं, म्हणजे साहेबांचा गैरसमज नको.

शेजारच्या निशिगंधाताईंचं ब्युटी पार्लर आहे. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक बाई टूथपेस्ट लावून अंगठी चमकवत होती. “नवा ब्रश घ्या, चौगुलेभाऊ. जुन्यानं ओरखडे उठतात,” त्या म्हणाल्या. नवा ब्रश आणला आणि बसलो घासत. दहा मिनिटांत काळपटपणा गेला. आणखी दहा मिनिटांनी कडेला एक पांढरा पट्टा दिसायला लागला. जेवढं घासावं तेवढा पट्टा रुंद. निशिगंधाताई म्हणाल्या, पेस्ट खोबणीत बसली असणार, मुरलेली निघायला वेळ लागतो.

मी अंगठी घेऊन खाली दादासोंकडे गेलो. दादासो आमच्या सोसायटीचे चेअरमन. एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले तरी जिन्यात माणसं मोजतात.

“पेस्ट?” दादासो म्हणाले. “खुळं हाईसा काय? सोनं हाय का दात हाय? आवो, गुजरीत सगळी सोनारं रिठ्यात धुत्यात. कोमट पाण्यात दोन-चार रिठं टाका, फेस आणा, घटकाभर अंगठी बुडवून ठेवा. इषयच न्हाय.”

रिठेही त्यांनीच दिले. मी आईचा पितळी तांब्या घेतला, गीझरचं कोमट पाणी, त्यात रिठे चोळून फेस काढला, आत अंगठी सोडली आणि तांब्या न्हाणीघरातल्या स्टुलावर ठेवला. मग काम मार्गी लागलंय एवढं दादासोंना सांगून यावं म्हणून पाच मिनिटं खाली गेलो. दादासोंनी चहा टाकला. चहाबरोबर दादासोंच्या पुतण्याचा विषय निघाला. या पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी दादासोंचा सोन्याचं टोपण बसवलेला दात चोरला, असा त्यांचा आरोप आहे. दात रात्री वाटीत होता, सकाळी नव्हता, आणि पुतण्या तेव्हा मुक्कामाला होता. तेव्हापासून बोलणं बंद. ही हकिगत ऐकायला चाळीस मिनिटं लागतात.

वर आलो तर आमची आई बाल्कनीत उन्हाला पाठ करून, केस मोकळे सोडून बसलेली. तिचं नाव बयाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. मला बघून तिचे डोळेच भरून आले.

“किसना,” ती म्हणाली, “जलमात पहिल्यांदा आईसाठनं काय केलंस बग. आज माझा डोस्क्यावरनं पाणी घ्यायचा वार, हे तुज्या ध्येनात हाय म्हंजे लय झालं. कोमट पाणी काय, रिठं काय. फेस बी झ्याक आलता.”

मी तसाच आत धावलो. न्हाणीघरात तांब्या स्टुलावर उपडा. खाली जाळीच्या जागी भोक. जाळी मीच गेल्या दिवाळीत काढून टाकली होती, केस अडकून पाणी तुंबतं म्हणून. मी भोकात बोट घालून पाहिलं, उदबत्ती घालून पाहिली, मोबाइलची बॅटरी लावून पाहिली. मग शेवटची आशा म्हणून बाल्कनीत जाऊन आईचे केस चाचपायला लागलो.

“उवा बगतोस व्हय रं माज्या?” आई म्हणाली. सगळं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, “गेली तर जाऊ दे. हुडकत बसू नगंस.”

आता सोन्याची अंगठी जाऊ दे म्हणणारी बाई आमच्या आईसारखी नव्हे. ती पोस्टाचं तिकीटसुद्धा वाफेवर सोडवून ठेवते. मला वाटलं, धक्का बसलाय.

सयाजी प्लंबर आला. त्यानं ट्रॅप उघडला, हात घातला आणि आत मिळालेलं माझ्यापुढं फरशीवर मांडलं, ते मी इथं सांगत नाही. अंगठी नव्हती. “पावणं, खाली गेली. आता चेंबरात असंल, न्हायतर म्होरं रस्त्याच्या गटारात,” तो म्हणाला. “आदी बिल्डिंगीतलं सगळं पाणी बंद करा. एकजण जरी न्हाला की गेली पंचगंगेला.”

दादासोंनी ताबडतोब सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘श्री. चौगुले यांची सोन्याची अंगठी त्यांच्या हलगर्जीपणाने गटारात गेली आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही अंघोळ करू नये. भांडी घासू नयेत. हुकमावरून.’ त्यावर सोळा अंगठे आणि दोन हात जोडलेले आले. आणि माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला, की या ग्रुपवर अनुजाही आहे.

ती तासाभरात घरी आली. मी दाराशीच उभा होतो. तिनं पर्स ठेवली, पाणी प्याली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याऐवजी तिनं विचारलं, “कशानं घासलीत?”

“टूथपेस्टनं. मग रिठे.”

“सोनाराला कोणाला दाखवली नाहीत ना?”

“छे. माझं तत्त्व तुला माहीत नाही का?”

ती खुर्चीवर बसली आणि तिनं सुटकेचा निश्वास सोडला. हो, सुटकेचाच, मी समोर उभा होतो. मग म्हणाली, “जाऊ दे. शोधू नका.”

तिच्या बोटावर अंगठीच्या जागी पांढरा वळ होता. ती दुसऱ्या हातानं नकळत तो वळ चोळत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. न विचारता घेतली, तिनं नको म्हटलं असताना घेतली आणि बाबांच्या हातची एकुलती एक वस्तू मी घालवली. वर ती मला शब्दानं दुखवत नाही. मी मनाशी ठरवलं, रविवारपर्यंत ती अंगठी या बोटात परत घालीन, नाहीतर विजयसिंहरावांना तोंड दाखवणार नाही.

शुक्रवारी सकाळी ड्रेनेजच्या ऑफिसात गेलो. अर्ज व्यवस्थित टाइप करून नेला होता, विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं. अर्ज कसा असावा हे मला कोणी शिकवायला नको. टेबलापलीकडच्या क्लार्कनं तो दुरूनच वाचला.

“तुंबलंय?” त्यानं विचारलं.

“नाही. व्यवस्थित वाहतंय.”

“मग तक्रार काय?”

“तक्रार नाही हो, विनंती आहे. रस्त्यावरचं चेंबर उघडून बघायचंय. अंगठी गेलीय.”

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तक्रारीचे तीन प्रकार होते, तुंबणे, दुर्गंधी आणि झाकण चोरीस जाणे. “ह्यातलं काय लिहू?” तो म्हणाला. “तुंबल्याबिगर उघडता येत न्हाय. तुम्ही असं करा, आदी तुंबवा, मग या. आणि अंगठी तुमचीच हाय ह्याची पावती जोडा. उद्या दुसरा कोण आला म्हंजे?”

अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे अर्ज ‘सोबत कागद जोडलेले नाहीत’ म्हणून परत पाठवत आलोय. तो शेरा अर्जदाराच्या बाजूनं कसा दिसतो, ते पहिल्यांदा कळलं. घरी येऊन आईला पावती विचारली तर ती एकदम चिडली. “कसली पावती? पंचवीस वरसं झाली. उंदरानं खाल्ली.” कपाटात बाबांच्या सायकलच्या पंक्चरच्या पावत्यासुद्धा जपून ठेवल्यात, तेवढी एकच उंदरानं कशी खाल्ली हे काही मला समजलं नाही.

पण ऑफिसातून बाहेर पडताना तिथल्या म्हाताऱ्या शिपायानं मला जिन्यात गाठलं होतं, ते सांगायचं राहिलं. “साहेब,” तो म्हणाला, “सोनं जड. ते व्हात न्हाय, बसतंय. तुमच्या कंपाउंडातल्या शेवटच्या चेंबरात गाळ आसंल, त्यात बसलं आसंल. रस्त्यापतोर आलंच न्हाय. तुम्ही गुजरीत जावा आणि झारेकऱ्यास्नी इचारा.”

झारेकरी म्हणजे सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, गटारातला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारी माणसं. आमच्या कोल्हापुरात सराफांची सगळी दुकानं देवळाजवळच्या गुजरी नावाच्या गल्लीत, त्यामुळं झारेकरीही तिथंच. संध्याकाळी गेलो. एका सोनाराच्या पायरीखाली साठीची एक बाई कुंचा घेऊन फरशीच्या फटीतली धूळ काढत होती. तिचं नाव सोनूबाई. मी सगळी हकिगत सांगितली, टूथपेस्टपासून. तिनं ऐकून घेतली.

“ऱ्हायला कुठं म्हणालासा?”

“राजारामपुरीत. चौगुले. मिसेस शाळेत शिक्षिका आहेत.”

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “येतो की उद्या. पर आमची रीत हाय. अंगठी तुमची. गाळात बाकी जे घावंल ते आमचं. मागनं कुणी हक्क सांगायचा न्हाय.”

मी शब्द दिला. बाकी गाळात काय असणार आहे, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता सोनूबाई सुनेला घेऊन आली. बरोबर दोन घमेली, एक चाळण आणि बादली. अख्खी सोसायटी कंपाउंडात. दोन दिवस कोणी नीट अंघोळ केलेली नव्हती, त्यामुळं माणसं जराशी अंतरानं उभी होती. दादासोंनी खुर्च्या मांडल्या. सोनूबाईची सून चेंबरमधला गाळ बादलीनं वर देई. सोनूबाई तो घमेल्यात घेऊन पाण्यात असा काही फिरवी, की हलका गाळ कडेनं निघून जाई आणि जड ते तळाशी राही. मोठ्या कसबाचं काम. बघत बसावं असं.

पहिल्या घमेल्यात दोन सेफ्टी पिना आणि पैंजणाचं घुंगरू. दुसऱ्यात एक छोटी सोन्याची कुडी. ती दिसल्याबरोबर निशिगंधाताई खुर्चीतून उठल्या.

“अय्या, ही माझी. ह्याच कुडीपायी मी कामवालीला काढलं होतं.”

“असंल,” सोनूबाई म्हणाली आणि कुडी कमरेच्या पिशवीत टाकली. “पर रीत ठरल्या. पावण्यांनी शब्द दिलाय.”

सगळे माझ्याकडे वळले. निशिगंधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कामवालीसाठी की कुडीसाठी ते कळलं नाही. दादासो म्हणाले, “चौगुले, सोसायटीचा गाळ तुम्ही कुणाला इचारून दिलासा? जनरल बॉडीत ठराव झालाय का?” मी म्हटलं, शब्द दिला म्हणजे दिला, कुडीचं मी निशिगंधाताईंना बघून घेईन. एवढं बोलून दाखवायला मला किती जोर करावा लागला ते माझं मला माहीत. पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

तिसऱ्या घमेल्यात पिवळं टोपण असलेला एक दात निघाला.

सगळ्यांची नजर दादासोंकडे. दादासो खुर्चीत आखडून बसले होते. सोनूबाईनं दात धुतला आणि त्यांच्यापुढं धरला. “दात कोण ठिवून घेतंय? धरा. आन् ज्याच्यावर आळ घातलासा त्याला फोन करा,” ती म्हणाली. तिला ती हकिगत मी आदल्या संध्याकाळी गुजरीतच सांगून ठेवली होती. दादासो दात मुठीत धरून मोबाइलवर पुतण्याचा नंबर शोधत कोपऱ्यात गेले.

नेमक्या या वेळेला फाटकात गाडी थांबली आणि गुळाची ढेप खांद्यावर घेऊन विजयसिंहराव उतरले. रविवारऐवजी शनिवारीच.

“काय चाललंय दाजी? गणपती बुडवताय का काय?”

अनुजा जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खूण केली, काही सांगू नका म्हणून. पण दारात आलेल्या पाहुण्याला उत्तर न देणं बरं दिसत नाही. मी थोडक्यात सांगितलं. दहा मिनिटं लागली. विजयसिंहराव ढेप खाली ठेवून हसायला लागले.

तेवढ्यात सोनूबाईचा हात थांबला. तिनं घमेल्यातून चिमटीत काहीतरी उचललं. चिखलानं माखलेलं होतं, पण गोल होतं. तिनं पदरात धरून अंगठ्यानं ते एकदा पुसलं आणि डोळ्याजवळ नेलं. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे न बघता पायरीवर उभ्या असलेल्या अनुजाकडे बघितलं. अनुजानं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणतात तशी.

“बघू मावशी, वजन बघू,” विजयसिंहरावांनी तळहात पुढं केला, अगदी साखरपुड्यात केला होता तसाच. “तवाच मला जरा हलकी वाटलीती. आस्सल हाय न्हवं?”

सोनूबाईनं मूठ मिटली. “दादा, चाळीस वरसं सोनं धुत्या मी,” ती म्हणाली. “ह्या हातानं लय बगितलं. ही आस्सल हाय. ज्यानं केल्या त्यानं मनापास्नं केल्या. वजन काय बगतासा?” आणि ती उठून थेट पायरीपाशी गेली, अंगठी अनुजाच्या हातात दिली आणि तिची बोटं वरून मिटवली. जाता जाता मला म्हणाली, “पावणं, पुन्यांदा घासू नगासा.”

विजयसिंहरावांचा हात तसाच पुढं राहिला होता. तो त्यांनी मग गुळाच्या ढेपेवर ठेवला. मला जे समाधान झालं ते सांगता येत नाही. बाबा असते तर, एवढंच सारखं मनात येत होतं.

संध्याकाळी अनुजा देवळात जाऊन आली. रविवारी तिच्या बोटात अंगठी अशी झळकत होती की बायका थांबून थांबून बघत होत्या. मी प्रत्येकीला सांगितलं, रिठे. नुसते रिठे, कोमट पाणी आणि संयम. पंचवीस वर्षं विनापॉलिश. विजयसिंहरावांनीसुद्धा जेवताना मान्य केलं, “दाजी, माल चांगला हाय.” त्यांना मी स्वतः आग्रह करून आणखी दोन जिलब्या वाढल्या.

दुपारी पाहुणे पांगले. तेजस्वी आजीशी गप्पा मारत आत पडली होती. बाहेर आम्ही दोघंच. मी खुशीत होतो. अनुजाला म्हटलं, “आता ही अंगठी सांभाळायचं माझ्याकडे लागलं. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रिठ्यात. जाळी बसवून घेतलीय.”

ती हसायला लागली. आधी पदर तोंडावर धरून, मग उघडच. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तरी थांबेना. मग डोळे पुसून म्हणाली, “आता सांगितलंच पाहिजे. नाहीतर तुम्ही ही पुरती धुऊन टाकाल. अहो, ही चांदीची आहे.”

“काय?”

“चांदीची. वर सोन्याचं पाणी दिलेलं. खोबणीत पांढरी पेस्ट बसलीय म्हणालात ना, ती चांदी होती.”

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे आईलासुद्धा आतून जाणवलं असावं, कारण तिचं बोलणं थांबलं.

अनुजानं सांगितलं ते असं. आमच्या साखरपुड्याच्या दोन महिने आधी माझ्या बहिणीचं लग्न झालेलं. घरात सोनं म्हणून उरलं नव्हतं. बाबांनी चांदीची अंगठी करून वर पाणी दिलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि नव्या सुनेला त्यांनी स्वतः सांगितलं, ‘सूनबाई, तुझी फसवणूक झालीय. सवड झाली की खरी करून देतो.’ चार वर्षांनी पाडव्याला त्यांनी खरी आणलीसुद्धा. अनुजा म्हणाली, मामंजी, माझ्या बोटात हीच बसलीय, हीच राहू दे. त्या खऱ्या अंगठीचे त्यांनी मग तेजस्वीच्या बारशाला कानातले केले. अजून तिच्या कानात आहेत.

“आणि डाग? पंचवीस वर्षांत एक डाग नाही पडला तो?”

“दीड-दोन वर्षांनी गुजरीत जाऊन पाणी देऊन आणायची. देवळात जाते म्हणायची ना, देवळातही जायची. गेल्या वर्षी गुडघ्यामुळं जाणं झालं नाही, म्हणून काळी पडली. काल जाऊन आले. त्या सोनाराच्या पायरीखालीच तर सोनूबाई बसते. ती मला कधीची ओळखते.”

म्हणजे मी भर मांडवातून हात वर करून ‘विनापॉलिश’ म्हणत हिंडत होतो, तेव्हा ही बाई शेजारी उभी राहून हसत होती. आणि आई? आईलाही माहीत होतं, म्हणून तर उंदीर. माझ्या अब्रूचं जे काही उरलं होतं ते बघत मी थोडा वेळ बसून राहिलो. पण खरं सांगतो, राग आला नाही. बाबा त्या दारात उभे राहिले असतील ते डोळ्यांपुढं आलं. मांडवात त्यांनी मान का खाली घातली, तेही आता समजलं. मी अनुजाचा हात हातात घेतला, अंगठीकडे बघितलं आणि मला रडू आलं. तिनं माझा हात थोपटला.

जरा वेळानं मी नाक पुसून विचारलं, “पण मला का नाही सांगितलंस? मी काय परका होतो?”

“मामंजींनी बजावलं होतं,” ती म्हणाली. “‘किसनाला तेवढं सांगू नकोस. पोर गुणाचं आहे, पण त्याच्या पोटात राहायचं नाही. चार दिवसांत गावभर होईल,’ असं म्हणाले होते.”

हे मात्र मला लागलं. बाकी सगळं मी सोसलं, पण जन्मदात्या बापानं आपल्याला इतकं कमी ओळखावं याचं वाईट वाटलं. मी त्याच क्षणी ठरवलं, की ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही. आणि पडली नाही. दादासोंनी खोदून खोदून विचारलं, मी अंगठीचं नाव काढलं नाही. ऑफिसात काढलं नाही. निशिगंधाताईंना नवी कुडी करून दिली, तेव्हाही तोंड बंद ठेवलं.

बाबा चार दिवस म्हणाले होते. मी आज नवव्या दिवशी तुम्हाला सांगतोय. तेवढं शिरोळला कळू देऊ नका.